रिपोर्ट नॉर्मल, माणूस वेगळा

मिरजेच्या दवाखान्यातून डिस्चार्ज घेऊन पेशंट गावी आला की चार-आठ दिवस घरात माणसांचा राबता असतो. कोणी नारळपाणी आणतं, कोणी द्राक्षाची पेटी. भावकीतलं एखादं वडीलधारं माणूस खाटेच्या कडेला टेकत विचारतं, "काय रं, बरं हाय न्हवं आता?" तो म्हणतो, "व्हय, काय झालंय मला? एकदम बेस." त्याच वेळी चहा घेऊन दारात उभी असलेली त्याची बायको पाहुण्यांकडे बघून मान हलवत असते. तिचं म्हणणं असतं, नाही, बरं नाही.

डोक्याला मोठा मार लागलेल्या माणसाच्या घरात हे नेहमी घडतं, आणि दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नसतं. पाय मोडला तर पाय दुखतो आणि दुखतंय हे मेंदूला कळतं. इथं मात्र 'मी कसा आहे' हे ठरवणाऱ्या अवयवालाच इजा झालेली असते. म्हणून त्याचं 'बेस आहे' हे उत्तर जसंच्या तसं घेता येत नाही, आणि 'त्याला काय कळतंय' म्हणून उडवूनही लावता येत नाही. त्या एका उत्तरात अनेक धागे गुंतलेले असतात. ते सुटे करता आले, तरच त्याचं बरं वाटणं वाढवण्यासाठी काही करता येतं.

सातारा-सांगली भागात हा मार बहुतेकदा दुचाकीवर बसतो. गळीत हंगामात रात्रीच्या वेळी रिफ्लेक्टर नसलेली, उसानं भरलेली ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. साधारण 1300 ते 1400 ग्रॅम वजनाचा मऊ मेंदू कवटीतल्या पाण्यात तरंगत असतो. डोकं एकदम थांबतं तेव्हा मेंदू पुढं सरकतो, आपटतो, परत मागं येतो, आणि मुख्य म्हणजे पीळ बसल्यासारखा फिरतो. कवटीचा तळ कपाळामागे आणि कानाच्या वरच्या बाजूला खडबडीत असतो. त्यामुळे मार मागून लागला तरी खरचटतात ते मेंदूचा कपाळामागचा भाग आणि कानशिलाजवळची टोकं. पीळ बसल्यानं लांबच लांब चेतातंतू ताणले जातात, काही तुटतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाडाचा तडा दिसतो, सूज दिसते, पण हे तुटलेले तंतू बहुतेक वेळा दिसत नाहीत. घरच्यांच्या हातात 'स्कॅन नॉर्मल'चा कागद आणि समोर बदललेला माणूस, हा पेच इथून सुरू होतो. (हेल्मेट नीट पट्टा लावून घातलं तर डोक्याच्या इजेचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष सांगतो. आरशाला अडकवलेल्या हेल्मेटचा त्यात हिशेब नाही.)

फाइलीवर 'जीसीएस' (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्धीचं मोजमाप) म्हणून एक आकडा असतो. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी 1974 मध्ये ही मोजणी दिली. डोळे उघडण्याला 4, बोलण्याला 5, हालचालीला 6 गुण, एकूण 15. 13 ते 15 म्हणजे सौम्य, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा त्याखाली गंभीर. जीव वाचवताना हा आकडा लाखमोलाचा. पुढच्या वर्षी हा माणूस कसा असेल, याचा अंदाज मात्र आणखी एका गोष्टीवरून जास्त चांगला बांधता येतो : अपघातानंतर सलग आठवण पुन्हा कोणत्या दिवशी सुरू झाली. काल कोण भेटायला आलं, सकाळी काय खाल्लं, हे दुसऱ्या दिवशी स्वतःहून सांगता येऊ लागलं की तो दिवस. डोळे उघडून बोलायला लागला तो दिवस धरायचा नाही, कारण बोलणारा माणूससुद्धा आठवडाभर काहीच साठवत नसतो. हा काळ सात दिवसांपेक्षा लांबला तर इजा गंभीर धरतात. घरच्यांनी ती तारीख वहीत लिहून ठेवावी. पुढं प्रत्येक डॉक्टर ती विचारणार आहे, आणि तोवर कोणाला आठवत नसते.

आता बरं वाटण्याचे धागे. सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात कमी समजून घेतला जाणारा, म्हणजे थकवा. हा अंगमेहनतीचा थकवा नव्हे. वीस मिनिटं गप्पा मारल्या, बँकेतला एक फॉर्म भरला, बाजारात दोन दुकानं फिरला, आणि माणूस संपला. चेहरा उतरतो, शब्द सापडत नाहीत, चिडचिड सुरू होते. हायवे बंद पडल्यावर सगळी वाहतूक गावातल्या अरुंद रस्त्यानं वळवली की गाडी पोचते, पण वेळ आणि डिझेल दुप्पट जातं. तसंच इथं शाबूत तंतूंना तुटलेल्यांचंही काम ओढावं लागतं. पूर्वी आपोआप होणारी गोष्ट आता लक्ष देऊन करावी लागते. यावर उपाय हाच, की थकायच्या आधी थांबायचं. डोक्याचं काम वीस मिनिटं, मग दहा मिनिटं डोळे मिटून, मोबाईल बाजूला ठेवून, शांत खोलीत. अवघड काम सकाळी नऊ ते अकरामध्ये. दुपारी झोपायचंच तर अर्धा तास, गजर लावून, नाहीतर रात्रीची झोप बिघडते आणि दुसरा दिवसही हातचा जातो. घरोघरी होतं ते असं : एक दिवस बरं वाटलं की राहिलेली सगळी कामं त्याच दिवशी उरकायची, आणि मग दोन दिवस पडून राहायचं. अशा चांगल्या दिवशीही कामाचं माप तेवढंच ठेवणं, हे घरच्यांना सगळ्यात जड जातं.

थकव्याला चिकटूनच आवाज येतो. चार माणसं एकदम बोलली की नको ते आवाज बाजूला सारायचं काम मेंदूला जमत नाही. पूर्वी जो माणूस मिरवणुकीत पुढं असायचा त्याला लग्नातला डॉल्बी सहन होत नाही, आणि नातेवाईक म्हणतात, 'माणूसघाणा झाला'. अक्षता पडेपर्यंत थांबवा, जेवणाच्या पहिल्या पंगतीला बसवा आणि घरी आणा. पूर्ण दिवस न्यायचं किंवा अजिबात न्यायचं नाही, हे दोन्ही टोकाचे पर्याय त्याला माणसांतून उठवतात.

वासाबद्दल कोणी विचारतच नाही. नाकाच्या वर चाळणीसारख्या हाडातून वासाचे बारीक तंतू मेंदूकडे जातात, आणि मेंदू सरकला की ते कापले जातात. मग रस्सा बेचव लागतो, माणूस मीठ आणि चटणी वाढवत जातो, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या ढिगाऱ्यासमोर उभा राहूनही काही येत नाही. खाण्यातला आनंद गेला, ही तक्रार तो करेलच असं नाही. 'जेवणात लक्ष नाही' एवढंच घरच्यांना दिसतं. कॉफीची पूड आणि साबण डोळे मिटून हुंगायला दिले की पाच मिनिटांत कळतं. वास येत नसेल तर स्वयंपाकघरात गॅस गळतीचा अलार्म बसवायचा, शिळ्या अन्नावर तारीख टाकायची, आणि चवीऐवजी करकरीत, थंड, आंबट अशा गोष्टी ताटात वाढवायच्या. त्याचं ताट पुन्हा त्याला आवडायला लागणं ही छोटी गोष्ट नाही.

नंतर येतो तो घरात सगळ्यात जास्त गैरसमज करणारा भाग. माणूस बसून राहतो. सांगितलं तर आंघोळ करतो, ताट वाढलं तर जेवतो, टीव्हीवर काही विनोदी लागलं तर हसतोही. पण आपणहून काही सुरू करत नाही. घरचे म्हणतात आळशी झाला, शेजारी म्हणतात डिप्रेशन. कपाळामागच्या भागाचं एक काम म्हणजे एखादी गोष्ट करायला उठवणं. तो धक्का देणारी यंत्रणाच बंद पडली की माणसाला वाईट वाटत नाही, काहीच वाटत नाही. त्याला दमदाटी किंवा समजूत घालून उपयोग होत नाही. बाहेरून सूचना मिळावी लागते : सातचा गजर, भिंतीवर लिहिलेलं पुढचं एकच काम, 'चल, आपण दोघं मोटार चालू करून येऊ' असं म्हणणारा कोणी. खरं नैराश्य याहून वेगळं. त्यात त्रास असतो, 'माझ्यामुळं सगळ्यांना ताप' ही बोच असते, पहाटे तीनला जाग येते, पूर्वी आवडायचं ते आता नकोसं होतं. तेही मेंदूच्या इजेनंतर फार आढळतं. सिएटलमधल्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या वर्षभरात निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये मोठं नैराश्य दिसलं. त्याला औषधं आहेत, समुपदेशन आहे, गुण येतो. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना 'गप्प असतो' एवढंच सांगू नये. रडतो का, झोप किती, सांगितलेलं काम करतो का, हसतो का, हे चार मुद्दे सांगावेत.

आता बायको आणि नवऱ्याच्या उत्तरातली तफावत. आपल्यात काय कमी झालंय हेच न कळणं, ही मेंदूच्या इजेची स्वतंत्र खूण आहे. फ्रान्सचे मेंदूविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी 1914 मध्ये तिला नाव दिलं. हा हट्ट नव्हे, नाटकही नव्हे. 'मला काही झालं नाही' म्हणणाऱ्याशी वाद घालून त्याला पटवता येत नाही. सोपं, मोजता येणारं काम देऊन, आधी 'किती वेळ लागेल' हे त्याच्याकडूनच वदवून घेऊन, नंतर झालेला वेळ शेजारी लिहिला तर हळूहळू फरक त्याच्याच नजरेस येतो. मात्र इथंच सांभाळायचं असतं. भान जसजसं परत येतं तसतसं मन खचतं. सहा महिने 'बेस' म्हणणारा माणूस एका संध्याकाळी म्हणतो, 'त्याच दिवशी गेलो असतो तर सुटलो असतो.' घरच्यांना वाटतं, दुखणं उलटलं. मेंदूच्या दृष्टीनं ती प्रगती असते, आणि तरीही तो सगळ्यात धोक्याचा काळ असतो. असं वाक्य कानावर आलं की सरळ विचारावं, 'जीवाचं काही करायचं मनात येतं का?' विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. बागायती घरात फवारणीच्या औषधांची खोली त्या दिवसापासून कुलपात, किल्ली दुसऱ्या माणसाकडे. 14416 हा टेलि-मानसचा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

रागाबद्दल थोडक्यात. ब्रेक सैल झालेला असतो. भूक, थकवा, गोंगाट आणि दोन माणसांचे एकदम प्रश्न हे ठिणगी टाकतात. त्या क्षणी एकानंच, हळू आवाजात बोलावं, त्याला खोलीबाहेर जायला वाट द्यावी, आणि विषय दुसऱ्या दिवशी सकाळी काढावा. एक गोष्ट मात्र आधी तपासा. फिट येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटाम या गोळीनं काहीजण भयंकर तिरसट होतात. सुरुवातीच्या फिट टाळण्यासाठी ती साधारण पहिले सात दिवस देतात. एकही फिट न येता ती महिनोन् महिने चालू राहिली असेल तर डॉक्टरांना विचारावं. स्वतःच्या मनानं बंद करू नये, एकदम बंद केल्यानं फिट येऊ शकते.

असंच दुसरं लपलेलं कारण पिट्यूटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली, शरीरातल्या इतर हार्मोनवर ताबा ठेवणारी ग्रंथी. ती बारीक देठावर लोंबते, झटक्यात दुखावते. तीन-सहा महिन्यांनंतरही थकवा हलत नसेल, थंडी सोसत नसेल, वजन बदललं असेल, पाळी थांबली असेल किंवा संबंधांची इच्छाच गेली असेल तर हार्मोन तपासायला हवेत. इथं नुसती टीएसएच (थायरॉइडची नेहमीची तपासणी) करून भागत नाही. पिट्यूटरीच मंदावली असेल तर टीएसएच नॉर्मल येऊ शकते. फ्री टी-4 आणि सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल सोबत मागावं. साठीपुढच्या माणसाच्या बाबतीत आणखी एक : साधं पडणं, चार-सहा आठवडे काही नाही, आणि मग हळूहळू गोंधळ, झोपाळूपणा, चाल बिघडणं. कवटीच्या आत रक्त साठत आलेलं असू शकतं. 'वयामुळं होतंय' म्हणत बसू नये. स्कॅन करून छोट्या छिद्रातून ते काढता येतं, आणि माणूस चटकन सुधारतो.

एवढे धागे असताना 'बरं आहे का?' या एका प्रश्नात काय हाती लागणार? मेंदूच्या इजेनंतरच्या जीवनमानासाठी खास तयार केलेली क्यूओएलआयबीआरआय नावाची प्रश्नावली 37 प्रश्न विचारते. त्यांचे सहा गट : विचारशक्ती, स्वतःबद्दलची भावना, रोजचं जगणं आणि स्वावलंबन, माणसांशी संबंध, मनाचे त्रास, शरीराचे त्रास. पहिल्या चारमध्ये 'किती समाधानी आहेस' असं विचारतात, शेवटच्या दोनमध्ये 'किती त्रास होतो'. ही विभागणी घरातही वापरता येते. रविवारी सकाळी, थकण्याआधी, वहीत सहा ओळी. प्रत्येकीला 0 ते 10 गुण त्यानं द्यायचे, आणि त्याला न दाखवता बायकोनं किंवा मुलानं वेगळ्या पानावर द्यायचे. दोन पानांतली तफावत कमी होतेय की वाढतेय, हे महिन्याभरात दिसतं. काही वेळा असं आढळतं की गंभीर इजेचा माणूस स्वतःला बरे गुण देतो, आणि सौम्य इजेचा, दिसायला ठणठणीत असलेला, फार कमी. सौम्य इजेच्या माणसाला आपली घसरण पूर्ण कळते आणि बाहेर कोणी ती मानत नाही. त्याच्या वाट्याला जास्त दुःख येतं, असं मला ठामपणे वाटतं.

तासगाव भागातल्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराचा विचार करा. बागेबद्दलचं त्याचं ज्ञान शाबूत असतं. ऑक्टोबरच्या फळछाटणीत काडी किती डोळ्यांवर (म्हणजे कळ्यांवर) घ्यायची, डाऊनी या बुरशीरोगाचा हल्ला कोणत्या हवेत होतो, हे तो विचारल्याबरोबर सांगेल. जातं ते क्रम लावणं. छाटणी झाली, की लगेच डोळ्यांना पेस्ट, मग फुटवा, विरळणी, जीए या वाढीच्या संजीवकात घड बुडवणं, मध्येच ढग आले तर फवारणीचं वेळापत्रक बदलायचं, त्याच दिवशी मजूर आले नाहीत आणि लाईट रात्रीची. हे सगळं एका वेळी डोक्यात धरून बदलत राहणं हे कपाळामागच्या भागाचं काम. तो बांधावर उभा राहतो, काय करायचं ते माहीत असतं, आधी काय ते सापडत नाही. स्वतःची किंमत ज्या गोष्टीवर ठरत होती तिथंच हे होतं, म्हणून लागतं फार. मोटारघराच्या भिंतीवर फळा लावावा. त्यावर छाटणीपासूनचा दिवस, आजचं एक काम, उद्याचं एक काम, एवढंच. फवारणीचं माप आधीच पुड्यांत करून, पुडीवर दिवस लिहून. पेस्ट लावायचं काम मात्र दुसऱ्याकडे द्यावं, कारण तिच्यातलं हायड्रोजन सायनामाइड अंगावर पडल्यावर दारू पोटात गेली तर जीवावर बेततं, आणि हातमोजे, मास्क, 'आज दारू नको' हे पाळण्याची सावधगिरी सध्या त्याच्याकडे नाही. घडांची पाहणी त्याच्याकडे ठेवावी. ती तो अजूनही पोरापेक्षा चांगली करतो, आणि पोरानं ते चार माणसांत म्हणावं.

क्रम ठरलेल्या कामात माणूस उभा राहतो याचा जुना दाखला आहे. 1848 साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कपाळाच्या वरून बाहेर पडली. तो जगला, पण इतका बदलला की त्याच्या डॉक्टरांनी, ओळखीचे लोक त्याला पूर्वीचा गेज मानत नाहीत, असं नोंदवलं. गोष्ट बहुतेक ठिकाणी इथंच संपवतात. तोच माणूस पुढं चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकत होता, ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या वेळेला. त्या शिस्तीनंच तो सावरला असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो हे खरं, पण दोन वर्षांनी दार बंद होतं हे खरं नाही.

पैशाचं आधीच बघावं. जामीन राहणं, सोसायटीचं कर्ज, दुकानदाराकडची उधारी, फोनवर ओटीपी सांगणं, यात हा माणूस सहज फसतो, कारण धोका वाटण्याची जाणीवच बोथट झालेली असते. खातं संयुक्त करावं, मोठ्या रकमेला दोन सह्या लागतील असं करावं, रोजच्या खर्चाचे पैसे मात्र त्याच्याच खिशात असावेत. दिव्यांगत्वाचा दाखला मागायला गेलं की अडचण येते, ती अशी की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मेंदूची इजा असा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे लंगडेपणा, बोलण्याचा दोष किंवा मानसिक आजार अशा ज्या खान्यात परिणाम बसतो तिथून अर्ज करावा लागतो, आणि बहुतेक लाभांसाठी 40 टक्के लागतात. चालता-बोलता येणाऱ्या पण क्रम न लागणाऱ्या माणसाला हे मोजमाप न्याय देत नाही. कायद्यात हे बदलायला हवं. तोवर दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर जाताना मानसशास्त्रज्ञानं केलेली स्मरण आणि लक्षाची चाचणी, आणि रविवारची वही, दोन्ही बरोबर न्यावी.

आणि जी दारात मान हलवत उभी असते तिच्याबद्दल. तिला कोणी समाचाराला येत नाही, कारण तिचा नवरा वाचलाय. तिच्यासमोर त्याच चेहऱ्याचा, वेगळ्या स्वभावाचा माणूस आहे. दुःख करायची सोय नाही, आणि थांबायला वेळ नाही. भावकीला खरंच काही करायचं असेल तर नारळ आणू नये. आठवड्यातला एक वार ठरवून दुपारी दोन ते सहा त्याच्यासोबत बसावं, फळ्यावरचं काम त्याच्याबरोबर करावं, आणि तिला माहेरी, बाजारात किंवा नुसतं झोपायला मोकळं करावं. पहिल्या महिन्यात दहाजण तयार होतात. दुसऱ्या वर्षासाठी दोघांची नावं आताच लिहून घ्यावीत.